‘ईद’ म्हणजे नेमकं काय? आपल्या सणांच्या नावांचे अर्थ आणि उगम

ईद जवळ आली की काही प्रश्न दरवर्षी ठरलेले असतात. शाळेत मुलांना मित्र विचारतात, ऑफिसात सहकारी विचारतात, कॉलनीत शेजारी विचारतात, ‘ईद म्हणजे काय हो?’ बहुतेक वेळा आपण पटकन सांगून टाकतो, ‘ईद म्हणजे खुशी.’ उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. पुढचा प्रश्न येतो, ‘मग बकरी ईद म्हणजे बकऱ्यांची ईद का?’ आणि इथे आपली गाडी अडते.

आपल्या सणाचं नाव आपल्यालाच नीट सांगता आलं नाही, तर ते दुसरं कुणीतरी सांगतं आणि त्याला वाटेल तसं सांगतं. व्हॉट्सअॅपवर अशा माहितीची कमी नाही. म्हणून ‘ईद’ हा शब्द आला कुठून, त्याचा मूळ अर्थ काय आणि आपल्या सणांच्या नावांत तो कसकसा बसतो, हे आम्ही इथे एका जागी मांडत आहोत.

मूळ तीन अक्षरं : ऐन, वाव, दाल

अरबीत बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या मुळापासून तयार होतात. ‘ईद’चं मूळ ऐन-वाव-दाल असं मानलं जातं आणि त्याचा अर्थ आहे ‘परत येणं’. अरबी कोशकार सांगतात की ईदला ईद म्हणतात ते ती दरवर्षी परत येते आणि नवी खुशी घेऊन येते म्हणून. इब्न मंजूर (मृत्यू इ.स. १३११) यांच्या ‘लिसान-उल-अरब’ या मोठ्या शब्दकोशात जुन्या भाषातज्ज्ञांची अशी मतं एकत्र केलेली आहेत.

या मुळाचे आणखी शब्द आपल्या घरात रोज वापरात आहेत, फक्त ते ईदचे नातेवाईक आहेत हे आपल्या लक्षात येत नाही.

‘आदत’ म्हणजे सवय. जी गोष्ट माणसाकडून पुन्हा पुन्हा होते ती आदत. ‘इयादत’ म्हणजे आजारी माणसाला भेटायला जाणं, त्याची विचारपूस करणं. ‘इआदा’ म्हणजे पुन्हा करणं. नमाजमध्ये काही राहून गेलं आणि ती परत पढावी लागली की मौलाना हाच शब्द वापरतात. आणि ‘मआद’ म्हणजे परतण्याची जागा, म्हणजेच आखिरत. तौहीद, रिसालत आणि मआद या तीन अकीद्यांतला तिसरा शब्द ईदच्याच घराण्यातला आहे.

‘वायदा’ (अरबी ‘वादा’) मात्र या घराण्यातला नाही. अक्षरं तीच असली तरी क्रम वेगळा आहे, वाव-ऐन-दाल. अरबीत क्रम बदलला की मूळच बदलतं.

मग ‘ईद म्हणजे खुशी’ हा अर्थ आला कुठून? कुरआनमधल्या शब्दांचा कोश लिहिणारे इमाम रागिब इस्फहानी यांनी याचा चांगला खुलासा केला आहे. ईद म्हणजे जी पुन्हा पुन्हा परत येते ती. शरीअतमध्ये हा शब्द फित्र आणि कुर्बानीच्या दिवसांसाठी ठरला. हे दिवस खुशीचे ठरवले गेले, म्हणून पुढे ज्या ज्या दिवशी खुशी असेल त्या दिवसाला लोक ईद म्हणू लागले. म्हणजे ‘परत येणं’ हा मूळ अर्थ, आणि ‘खुशी’ हा वापरातून आलेला.

कुरआनात हा शब्द एकदाच

आश्चर्य वाटेल, पण कुरआनात ‘ईद’ हा शब्द फक्त एकदा आला आहे आणि तोही रमजान किंवा हजच्या संदर्भात नाही. तो आला आहे सूरह अल-माइदाच्या ११४व्या आयतीत, हजरत ईसा (अ.) यांच्या दुआमध्ये. त्यांच्या साथीदारांनी, म्हणजे हवारींनी, आकाशातून दस्तरखान उतरावा अशी मागणी केली. तेव्हा हजरत ईसा (अ.) यांनी अल्लाहकडे दुआ केली की असा दस्तरखान उतरव, जो आमच्यातल्या पहिल्यांसाठी आणि नंतर येणाऱ्यांसाठी ईद ठरेल आणि तुझी निशाणी होईल. ‘माइदा’ म्हणजे वाढलेला दस्तरखान. सूरहला नावही त्यावरूनच मिळालं.

या आशयातून ईदची तीन अंगं दिसतात. ती अल्लाहच्या कृपेची आठवण आहे, ती पिढ्यान्‌पिढ्या चालणारी आहे, आणि तिच्यात एकत्र बसून खाणं आहे.

याच सूरहच्या तिसऱ्या आयतीबद्दलचा एक प्रसंग बुखारी शरीफमध्ये आहे. दीन पूर्ण झाल्याची घोषणा करणारी ती आयत. एका यहुदी माणसानं हजरत उमर (र.) यांना म्हटलं की अशी आयत आमच्यावर उतरली असती तर आम्ही तो दिवस ईद म्हणून पाळला असता. हजरत उमर (र.) यांनी सांगितलं की ती कोणत्या दिवशी आणि कुठे उतरली हे आम्हाला ठाऊक आहे : अरफातच्या मैदानात, शुक्रवारी. त्या काळी ‘ईद’ म्हणजे एखाद्या मोठ्या घटनेची दरवर्षी परत येणारी आठवण, हा अर्थ दोघांच्याही मनात स्पष्ट होता, हे यातून दिसतं.

मदिनेतले दोन दिवस

मुसलमानांच्या दोन ईद ठरल्या त्या मदिनेत. हजरत अनस (र.) यांची रिवायत अबू दाऊदमध्ये आहे. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेत आले तेव्हा तिथले लोक वर्षातून दोन दिवस खेळ-तमाशात घालवत. हे दिवस कसले, असं प्रेषितांनी विचारलं. लोक म्हणाले, जाहिलियतच्या काळापासून आम्ही या दिवशी खेळत आलो आहोत. तेव्हा प्रेषितांनी सांगितलं की अल्लाहनं तुम्हाला या दोन दिवसांच्या बदल्यात त्याहून चांगले दोन दिवस दिले आहेत : अजहाचा दिवस आणि फित्रचा दिवस.

रमजानचे रोजे हिजरी सन २ मध्ये फर्ज झाले आणि त्याच वर्षी, इ.स. ६२४ मध्ये, पहिली ईद-उल-फित्र झाली.

दुसरी रिवायत हजरत आयेशा (र.) यांची आहे. ईदच्या दिवशी त्यांच्या घरात दोन मुली गात होत्या. हजरत अबू बक्र (र.) यांनी त्यांना दटावलं. प्रेषितांनी सांगितलं की त्यांना राहू दे. प्रत्येक कौमची ईद असते आणि ही आपली ईद आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. दुसऱ्यांचे सण दुसऱ्यांचे आहेत हे मान्य करूनच आपल्या सणाची ओळख इथे सांगितलेली आहे.

आणखी एक छोटी गोष्ट या शब्दाशी छान जुळते. ईदच्या नमाजला जाताना प्रेषित (स.) एका वाटेनं जात आणि परत येताना दुसऱ्या वाटेनं येत. आजही आपल्याकडे बरेच बुजुर्ग ही सुन्नत पाळतात. ज्या दिवसाचं नावच ‘परतणं’ आहे, त्या दिवशी परतीच्या वाटेवर वेगळी माणसं भेटतात, त्यांनाही सलाम होतो.

अरबीच्या आधी? सिरियाक, बडोदा आणि संस्कृत

काही आधुनिक अभ्यासकांचं मत थोडं वेगळं आहे. त्यांच्या मते ‘ईद’ हा शब्द अरबीत शेजारच्या आरामी-सिरियाक भाषेतून आला. सिरियाक ही त्या भागातल्या ख्रिस्ती लोकांची धर्मभाषा होती आणि तिच्यात सणाला याच उच्चाराच्या जवळचा शब्द आहे. कुरआनात हा शब्द नेमका हजरत ईसा (अ.) यांच्या दुआमध्ये येतो, याकडेही हे अभ्यासक बोट दाखवतात. दुसरा मुद्दा व्याकरणाचा. मुळात ‘वाव’ असताना ईदचं अनेकवचन ‘आयाद’ होतं, म्हणजे तिथे ‘ये’ येतो. अरबी कोशकारांनी याचं उत्तर दिलं आहे : ‘ऊद’ म्हणजे लाकूड, तोच शब्द ज्यावरून आपण जाळायचा ऊद म्हणतो. त्याच्या अनेकवचनाशी गल्लत होऊ नये म्हणून ईदचं अनेकवचन वेगळं ठेवलं गेलं.

सिरियाकचं हे मत मांडणारं आर्थर जेफरी यांचं प्रसिद्ध पुस्तक १९३८ साली छापलं गेलं ते लंडनला नाही, तर आपल्या शेजारी बडोद्याला. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यात प्राच्यविद्या मंदिराची ‘गायकवाड ओरिएंटल सिरीज’ निघत असे, तिच्यात ते आलं.

या मतानं आपल्या श्रद्धेला काही धक्का लागतो असं आम्हाला वाटत नाही. अरबी, सिरियाक आणि हिब्रू या सख्ख्या बहिणी आहेत. त्यांच्यात शब्दांची देवाणघेवाण होणं साहजिक आहे. कुरआनात परभाषेतून आलेले शब्द आहेत का, यावर इमाम सुयूती यांच्यासारख्या आपल्याच आलिमांनी कितीतरी आधी लिहून ठेवलं आहे.

मात्र एक दावा समाजमाध्यमांवर फिरतो तो टिकत नाही. ‘ईद’ हा शब्द संस्कृतमधल्या ‘ईड्’ म्हणजे स्तुती करणे या धातूपासून आला, असं त्यात म्हटलेलं असतं. देवनागरीत दोन्ही शब्द सारखे दिसतात, एवढंच त्यांचं नातं. अरबी ‘ईद’ची सुरुवात घशातून निघणाऱ्या ‘ऐन’ या अक्षरानं होते, जे संस्कृतात नाहीच. शिवाय शेवटचं अक्षर ‘द’ आहे, ‘ड’ नाही. आणि आदत, इयादत, मआद ही सगळी भावंडं अरबीतच सापडतात. कुणी असा मेसेज पाठवला तर भांडायची गरज नाही. एवढं सांगितलं तरी पुरे.

परत येते, पण दर वेळी वेगळ्या ऋतूत

ईद परत येते खरी, पण दिवाळीसारखी ठरलेल्या ऋतूत येत नाही. हिजरी वर्ष चंद्राचं, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. सूर्याच्या वर्षापेक्षा ते सुमारे ११ दिवसांनी लहान असतं. म्हणून ईद दरवर्षी तेवढी अलीकडे सरकते आणि ३२-३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २००० साली तर ईद-उल-फित्र दोनदा आली, जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस.

मराठी पंचांगातही महिने चंद्राचेच आहेत, पण तिथे साधारण तीन वर्षांनी अधिक महिना धरून ऋतूंशी मेळ घातला जातो. इस्लामपूर्व अरबस्तानातही महिने मागेपुढे करण्याची ‘नसी’ नावाची प्रथा होती. सूरह तौबाच्या ३६ आणि ३७व्या आयतींमध्ये महिने बाराच असल्याचं सांगून या प्रथेला मनाई केली आहे. त्यामुळे वैशाखाच्या उन्हातले रोजे, पावसाळ्यातली ईद, थंडीतली पहाटेची सहरी हे सगळं एका आयुष्यात वाट्याला येतं. पासष्टीच्या माणसानं ईदचा हा पूर्ण फेरा दोनदा पाहिलेला असतो.

चाँद दिसण्यावर सगळं ठरतं म्हणून ‘ईद का चाँद’ हा वाक्प्रचार आला. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण तसं म्हणतो. मराठीत त्याच माणसाला ‘उंबराचं फूल’ म्हणतात.

ईद-उल-फित्र : रोजा सोडण्याची ईद

‘फित्र’ म्हणजे तोडणं, उघडणं. रोज संध्याकाळी आपण ‘इफ्तार’ करतो तो याच मुळातला शब्द. रोजचा इफ्तार एका दिवसाचा, आणि ईद हा संपूर्ण महिन्याचा इफ्तार. म्हणूनच ईदच्या दिवशी रोजा ठेवायला मनाई आहे.

आपण हिला ‘रमजान ईद’ म्हणतो, पण ती रमजानमध्ये येत नाही. रमजान संपल्यावर शव्वालच्या पहिल्या तारखेला येते. नाव रूढ आहे, वापरायला हरकत नाही, फक्त मुलांना हे माहीत असावं.

‘फितरा’ हाही याच कुटुंबातला. सदका-ए-फित्रचा हेतू हदीसमध्ये दोन गोष्टींत सांगितला आहे : रोज्यात झालेल्या उणिवांची सफाई आणि गरिबांच्या जेवणाची सोय. तो ईदच्या नमाजपूर्वी द्यायचा असतो. नमाजनंतर दिला तर तो साधा सदका ठरतो. कोकणातले आपले बांधव बहुतांश शाफई आणि घाटावरचे बहुतांश हनफी असल्यामुळे फितऱ्याचं माप वेगवेगळं सांगितलं जातं. आपापल्या मशिदीत जाहीर होईल त्याप्रमाणे द्यावं. मुद्दा असा की ज्याच्या घरात चूल पेटलेली नाही त्याचीही सोय व्हावी, ही अट ईदच्या नावातच घातलेली आहे. शीरखुर्मा (फारसीत ‘शीर’ म्हणजे दूध, ‘खुर्मा’ म्हणजे खजूर) नंतर, फितरा आधी.

मराठीतला ‘फितूर’ या ‘फित्र’चा नातेवाईक नाही. फित्रमध्ये ‘तोय’ हे अक्षर आहे आणि फितूर आला आहे ‘ते’ असलेल्या ‘फुतूर’ या शब्दापासून. ‘फितरत’ म्हणजे उपजत स्वभाव, तो मात्र फित्रच्याच मुळातला.

ईद-उल-अजहा की बकरी ईद?

आता सगळ्यात जास्त गोंधळाचं नाव. ‘अजहा’ हा शब्द कुर्बानीच्या जनावराशी जोडलेला आहे आणि त्याचं मूळ आहे ‘जुहा’, म्हणजे सूर्य वर चढल्यावरची सकाळची वेळ. कुरआनात ‘अज-जुहा’ नावाची सूरह आहे. चाश्तच्या नमाजला अरबीत सलात-उज-जुहा म्हणतात. ईदची नमाज झाल्यावर, सकाळच्या त्या वेळी कुर्बानी होते म्हणून हे नाव. नमाजच्या आधी जनावर कापलं तर ती कुर्बानी होत नाही, ते नुसतं मांस ठरतं, असं हदीसमध्ये स्पष्ट आहे. ज्या वेळेवरून नाव पडलं ती वेळही इतकी महत्त्वाची आहे.

‘कुर्बानी’चं मूळ वेगळं आहे. काफ-रे-बे म्हणजे जवळ असणं. ‘करीब’ त्यातूनच येतो. कुर्बानी म्हणजे ज्यातून माणूस अल्लाहच्या जवळ जातो ते.

मग ‘बकर ईद’ कुठून आलं? हे नाव ना कुरआनात आहे ना हदीसमध्ये. ते आपल्या उपखंडात रूढ झालं. उर्दूत ते मोठ्या ‘काफ’नं लिहितात, म्हणजे ‘बकर’, आणि अरबीत बकर म्हणजे गाई-बैलांची जात. सूरह अल-बकराचं नाव त्यावरूनच. मराठी-हिंदीतला ‘बकरा’ मात्र संस्कृत ‘बर्कर’पासून आलेला, अगदी वेगळा शब्द. दोन्ही ऐकायला सारखे, शिवाय आपल्याकडे कुर्बानी बहुतेक बकऱ्याची. त्यामुळे लोकांच्या तोंडी ‘बकर ईद’ची ‘बकरी ईद’ झाली आणि कॅलेंडरवरही तीच छापली जाऊ लागली.

कुणी ‘बकरी ईद मुबारक’ म्हटलं तर रागावण्यासारखं काही नाही, समोरचा प्रेमानंच म्हणतो. पण या नावामुळे सगळं लक्ष जनावरावर जातं, किंमतीवर जातं, कुणाचा बकरा किती लाखांचा यावर जातं. हजरत इब्राहीम (अ.) आणि हजरत इस्माईल (अ.) मागे पडतात. सूरह हजच्या ३७व्या आयतीत सांगितलं आहे की अल्लाहपर्यंत मांस पोहोचत नाही आणि रक्तही नाही, पोहोचतो तो तुमचा तकवा. मुलांना ही ईद समजावताना इथून सुरुवात करावी, असं आम्हाला वाटतं.

ईद-ए-मिलाद, शब, उरूस, मोहरम

शरीअतनुसार ज्यांची खास नमाज आहे अशा वार्षिक ईद दोनच. शुक्रवारलाही हदीसमध्ये ईद म्हटलं आहे, ती आठवड्याची ईद. शिया बांधव १८ जिल्हजला ईद-ए-गदीरही साजरी करतात.

‘मिलाद’ म्हणजे जन्म. ‘ईद-ए-मिलाद’मध्ये ईद हा शब्द खुशीचा दिवस या व्यापक अर्थानं येतो. त्या दिवशी ईदची नमाज नसते आणि रोज्याला मनाईही नसते. हा दिवस कसा पाळावा यावर मसलकांची मतं वेगवेगळी आहेत, त्या वादात आम्ही इथे जात नाही. गंमत अशी की अरब देशांत नुसतं ‘ईद-उल-मीलाद’ म्हटलं तर लोकांना नाताळ किंवा वाढदिवस वाटतो. प्रेषितांच्या जन्मदिनाला ते ‘मौलिद’ म्हणतात.

‘शब-ए-बरात’, ‘शब-ए-कद्र’ या ईद नाहीत, या इबादतीच्या रात्री. फारसीत शब म्हणजे रात्र. ‘उरूस’ अरबी ‘उर्स’पासून, म्हणजे लग्न, वलींच्या निधनाचा दिवस हा त्यांच्या रबशी मिलनाचा दिवस, या भावनेतून. आणि ‘मोहरम’ हे महिन्याचं नाव आहे. आशूराच्या दिवशी, करबलाच्या आठवणीच्या दिवशी, ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’ असे बॅनर लागतात. लावणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्याला जवळ बसवून अर्थ सांगायला हवा.

जगात ईदला काय म्हणतात?

‘ईद’ हा शब्द अरबीत फक्त मुसलमानांच्या सणांपुरता नाही. अरब ख्रिस्ती ईस्टरला ईद-उल-फिस्ह म्हणतात. संयुक्त अरब अमिरातीत २ डिसेंबरचा राष्ट्रीय दिन आता ‘ईद अल-इत्तिहाद’ या नावानं साजरा होतो. रत्नागिरी-रायगडची जी घरं दुबई-शारजात आहेत त्यांना हे माहीत असेल. इराणात नुसतं ‘ईद’ म्हटलं तर बऱ्याचदा नौरोज समजतात.

उलट अनेक मुस्लिम समाज ईदला आपल्या भाषेतलं नाव देतात. तुर्कस्तानात ‘बायराम’ म्हणतात, मलेशियात ‘हारी राया’ म्हणजे मोठा दिवस, केरळात ‘पेरुन्नाळ’, त्याचाही अर्थ मोठा दिवस. इंडोनेशियात ‘लेबारान’ आहे. तिथून गेलेल्या लोकांनी दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये ‘लबारांग’ हे रूप नेलं. त्याच शहरात कोकणातून गेलेल्या कोकणी मुसलमानांचीही जुनी वस्ती आहे.

मग मराठीत ईदला ‘सण’ म्हणावं का? जरूर म्हणावं. ‘सण’ हा संस्कृत ‘क्षण’पासून, प्राकृत ‘छण’ या रूपातून आला. क्षणाचा एक अर्थ उत्सव असाही होता. वर्ष या अर्थाचा ‘सन’ मात्र अरबीतून आलेला. ‘त्योहार’ तिथी आणि वार मिळून झाला. एक भाषा सणाला क्षण म्हणते, दुसरी परत येणारा म्हणते. आपल्या घरात दोन्ही शब्द आहेत.

दुःखही परत येतं

दहाव्या शतकातले भाषातज्ज्ञ अझहरी यांनी ‘ईद’चा आणखी एक अर्थ नोंदवला आहे, जो आपण सहसा सांगत नाही. अरबांच्या बोलण्यात ईद म्हणजे ती वेळ, जेव्हा आनंद परत येतो किंवा दुःख परत येतं.

ज्या घरात यंदा अम्मी नाहीत, किंवा अब्बांची टोपी खुंटीवर तशीच आहे, त्या घराला हा अर्थ कोशात बघावा लागत नाही. ईदच्या सकाळी नमाज झाल्यावर कितीतरी पावलं कब्रस्तानकडे वळतात. अशा घरातल्या माणसाला ‘आज ईद आहे, रडू नको’ म्हणायची घाई करू नये. ईदच्या शब्दात त्याच्या आठवणीलाही जागा आहे. त्याच्या घरी आवर्जून जाऊन थोडा वेळ बसावं.

लिहिताना आणि बोलताना

शेवटी काही उपयोगी गोष्टी.

‘ईद’ मराठीत दीर्घ ‘ई’ने लिहावं, ‘इद’ नव्हे. मराठी-उर्दूत ती स्त्रीलिंगी आहे (ईद आली), अरबीत पुल्लिंगी.

‘ईद-उल-फित्र’मधला ‘उल’ म्हणजे अरबीतलं ‘अल’, म्हणून फित्रची ईद. ‘फितर’ हे रूपही मराठीत चालतं. ‘ईद-ए-मिलाद’मधला ‘ए’ फारसीचा आहे, अर्थ तोच, ‘ची’.

‘ईद-उल-अजहा’ बरोबर. ‘ईद-उज-जुहा’ हेही चालतं, अर्थ सकाळच्या वेळेची ईद. पण ‘ईद-उल-जुहा’ किंवा ‘ईद-उल-झुआ’ ही रूपं दोन्हींची सरमिसळ आहेत. अरबीत या अक्षराच्या आधी ‘उल’चा ‘ल’ बोलला जात नाही.

‘मुबारक’ म्हणजे बरकत असलेली. सहाबा एकमेकांना ‘तकब्बलल्लाहु मिन्ना व मिन्कुम’ म्हणत, म्हणजे अल्लाह आमची आणि तुमची इबादत कबूल करो. ‘ईद मुबारक’च्या जोडीला हे वाक्यही मुलांना शिकवावं.

‘ईदी’ म्हणजे ईदची भेट आणि ‘ईदगाह’ म्हणजे ईदची जागा, ‘गाह’ फारसी.

आणि कुणी थोडक्यात विचारलं तर इतकंच सांगा : ईद म्हणजे परत येणारा खुशीचा दिवस. एक ईद महिन्याच्या रोज्यांनंतर येते आणि दुसरी हजच्या दिवसांत. पहिलीच्या आधी फितरा द्यायचा, दुसरीला गोश्तमध्ये गरिबांचा हिस्सा काढायचा. मुलाच्या रजेच्या अर्जावर, मशिदीच्या फलकावर आणि कार्यक्रमाच्या बॅनरवर नाव नीट लिहिलेलं असेल, तर निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळतील.